साक्षीची चतकोर भाकर

४ जानेवारी

सुकेशनी, ही वही तूच ठेवायला सांगितलीस, हे तुला आठवत नसणार. तू डॉक्टर झालीस, पुण्यात लेकरांच्या रक्तावर संशोधन करतेस, शेदोनशे औषधांची नावं तुला तोंडपाठ. पण इथून निघताना दर खेपेला चष्मा चुलीपाशी ठेवून जातेस, आणि सोनपेठ गेलं की फोन करतेस. म्हणून पहिल्याच ओळीत लिहून ठेवते. मागच्या महिन्यात तूच म्हणालीस, "आज्जी, मोबाईलात नुसते आकडे येतात. घरात खरं काय चालतं ते तू रोज सांगत जा, आजोबा लिहितील." मी म्हणलं, खरं सांगायचं असंल तर रोज जमणार न्हाई. अधूनमधून सांगीन.

मला अक्षर येत नाही. अंगठा येतो, आणि आता मोबाईलही अंगठ्यावरच चालतो, तेव्हा माझं काही अडत नाही. लिहिणारे हे आहेत. यांचं नाव मी घेत नाही, पाहिजे तर यांनीच लिहावं. (किशनराव, सेवानिवृत्त कारकून, तहसील कार्यालय.) वाचून दाखवा म्हणलं तर हुद्द्यासकट लिहिलेलं. पस्तीस वर्षं 'सबब' आणि 'तरी' लिहिलेला माणूस. मी सांगते, लेकरू रडायलंय. हे लिहितात, मूल रुदन करीत आहे. मग मी खोडायला लावते.

वही उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती पडली तर त्यालाही कळावं म्हणून सांगते. साक्षी ही तुझ्या भावाची, सुगतची पोर, म्हणजे तुझी भाची आणि माझी पणती. तीन वर्षांची आहे. जन्मली तेव्हा गोरी, केस भुरे. आमच्या सात पिढ्यांत असा रंग कुणाला नव्हता. मी दोन वर्षं मिरवलं. चालायला उशीर झाला, बोलणं तर आलंच नाही. मी म्हणायची, गोऱ्या माणसाला घाई नसते. मग तू आलीस, लेकराला मांडीवर घेतलंस, तिच्या ओल्या दुपट्याचा वास घेतलास आणि तुझं तोंड उतरलं. उंदराच्या बिळासारखा वास येतो म्हणालीस. मी तुझ्याशी दिवसभर बोलले नव्हते. पण रक्त तपासलं आणि तुझंच खरं निघालं. ज्या रंगाला मी मिरवत होते तोच आजार होता.

डाळ, दूध, अंडं, मटण, शेंगदाणे, ज्यानं ज्यानं अंगाला ताकद येते त्यातला एक जिन्नस तिला पचत नाही. तो रक्तात साचतो आणि मेंदूवर बसतो. म्हणून तिला तुझी ती वासाची भुकटी पाण्यातून द्यायची, पुण्याहून येणाऱ्या पांढऱ्या पिठाची भाकर द्यायची, आणि ज्वारीची भाकर दिवसाला फक्त अर्धी. अर्धीच्या वर गेली की डोकं बिघडतं. अर्धीच्या आत राहिली तर बोलंल, शाळेत जाईल. एवढं मला समजलेलं आहे.

११ जानेवारी

मोबाईलातलं तुझं अ‍ॅप चांगलं आहे. अक्षर एक नाही, सगळी चित्रं. आख्खी भाकर, अर्धी, चतकोर, आणि चतकोराच्या निम्मी ती नितकोर. म्हाताऱ्या बायांना जमावं म्हणून तू तसं केलंस, आणि वर स्वतःचा आवाज भरलास. दुपारी बरोबर एक वाजता मोबाईल बोलतो, "आज्जी, साक्षीनं किती खाल्लं?" पहिल्यांदा मी दार उघडून बघितलं होतं.

साक्षीची आई मनिषा सकाळी पालमला शिवणकाम शिकवायला जाते ती दिवस मावळता येते. दिवसभर साक्षी माझ्याकडे. आज दुपारी अर्धी भाकर चटकन खाल्ली, लसणाच्या फोडणीच्या दोडक्याबरोबर. मी चतकोरावर बोट दाबलं.

हे बघत होते. म्हणाले, "अर्धी खाल्ली की पोरीनं."

"खाल्ली की."

"मग चतकोर कामून दाबलीस?"

"लेकराचं खाल्लेलं मोजून सांगू न्हाई."

यावर यांनी मला बावीस प्रतिज्ञा ऐकवल्या. आपण बौद्ध आहोत, नजर लागणं ही अंधश्रद्धा आहे, आपल्या वडिलांनी छप्पन साली काय म्हणून दीक्षा घेतली, वगैरे. मी सगळं ऐकून घेतलं. मी नजर मानतच नाही. नुसतं मोजत नाही, इतकंच. नजर मानणं वेगळं आणि तिला वाट दाखवणं वेगळं. आणि एक पायरी खाली सांगितलं तर मोबाईलाचं काय जातं. त्याला थोडंच जेवायचं आहे.

संध्याकाळी मनिषा आली तर तोच मोबाईल तिला म्हणाला, "आज अजून चतकोर भाकर देता येईल." तिनं दिली. साक्षीनं तीही खाल्ली. तुझं ते यंत्र तुझ्यापेक्षा मायाळू आहे.

२६ जानेवारी

सकाळी शाळेत झेंडावंदन झालं. साक्षीच्या हातात पेढा कुणी देऊ नये म्हणून मी तिच्या दोन्ही मुठी धरून उभी होते. ती हात सोडवायला चावली. दात चांगले आहेत.

तू साबुदाणा चालतो म्हणालीस, त्यात तो नडणारा जिन्नस जवळजवळ नाही म्हणून. आता आमच्या घरात छप्पन सालापासून साबुदाणा आलेला नाही. उपासच नाहीत तर साबुदाणा कशाला. मी दुकानात किलोभर मागितला तेव्हा दुकानदारानं दोनदा विचारलं. तिथं वरच्या आळीची दगडाबाई उभी होती. बारा महिने तेरा उपास करणारी बाई.

"सरजाबाई, तुमी कधीपासून एकादशी धरायला लागलाव?"

"रोज धरते. तुमच्यापेक्षा जास्त."

"आन् किशनराव काय म्हणतेत?"

"ते भाकर खातेत. उपास लेकराचा हाय."

तिला वाटलं मी चेष्टा करते. दुपारी खिचडी कशी करतात ते शिकवायला ती आपण होऊन आली, पदराखाली शेंगदाण्याचा कूट झाकून. तो कूट मी तिला परत घेऊन जायला लावला तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. म्हणाली, कुटाबिगर खिचडी म्हणजे पाण्याबिगर विहीर. तरी जिरं, बटाटा घालून करून दिली, आणि साक्षी खाताना बघून म्हणाली, "लय नाही खात बाई ही, दोनच घास." साक्षीनं वाटीभर खाल्ली होती. दगडाबाई शहाणी आहे. ती पण मोजत नाही.

८ फेब्रुवारी

तू येऊन गेलीस. चष्मा परभणीच्या गाडीला पाठवला आहे.

तू मोठ्या कागदावर आपल्या घराण्याचं झाड काढलंस. बाप्याला चौकोन, बाईला गोल. मी विचारलं, आमाला गोल कामून? तू म्हणालीस, जगभर तसंच असतं. नवराबायकोमध्ये तू एक रेघ मारत होतीस. सुगत आणि मनिषाला मात्र दोन रेघा मारल्यास, मग माझ्याकडे बघितलंस आणि मला आणि यांनाही दोन मारल्यास.

मला बरं वाटलं. सगळ्या कागदावर दोन रेघांचे मान दोनच जोड्यांना. मी तुला अभिमानानं सांगितलं की मी यांच्या मामाची पोर, घर सोडून बाहेर गेलेच नाही. आणि सुगतला त्याच्या मामाची मनिषा मीच करून दिली. तुझी आई नको म्हणत होती. मी म्हणलं, रक्तातली पोर रक्तात राहते. तू म्हणालीस, "हो आज्जी, तसंच झालंय." आणि पेन्सिलीला टोक करत बसलीस. टोक आधीच होतं.

मनिषानं मात्र तो कागद बराच वेळ बघितला. मग तिनं तुला हळूच काही विचारलं, तू मान हलवलीस. तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोलते. फार नीट बोलते.

२ मार्च

दर महिन्याला साक्षीच्या बोटाला टोचून जाड कागदावर चार थेंब घ्यायचे, वाळवायचे आणि पालमच्या पोस्टातून पुण्याला पाठवायचे. डिसेंबरात रक्तातल्या त्या जिन्नसाचा आकडा आठ होता. सहाच्या आत पाहिजे. जानेवारीत अकरा आला. आज फोन आला, चौदा.

तू विचारलंस, "आज्जी, भुकटी देते का मनिषा?"

"देती."

"आणि भाकर? अ‍ॅपमध्ये तर अर्धीच्या वर कधीच गेलेली नाही."

"मग न्हाईच गेली."

"कुणी बाहेरचं काही खायला देतं का तिला?"

मी म्हणलं, माझ्या डोळ्यांदेखत तर नाही.  मग म्हणालीस, उद्यापासून ज्वारीची भाकर दिवसाला चतकोरच द्या.

हे माझ्याकडे बघायला लागले. यांना मी सांगितलं, बघताव काय, लिवा. लेकराची अर्धी भाकर काढून घेतली असं लिवा.

१९ मार्च

साक्षी आता झोपेतून रडत उठते. काल अंगणवाडीत दुसऱ्या पोरीला ओरबाडलं, आज भिंतीवर डोकं आपटलं. फेब्रुवारीत 'पाणी' म्हणायला लागली होती, ते गेलं. आता हात धरून माठाकडे ओढते. मनिषानं एक महिन्याची रजा टाकली होती, ती रद्द करून पुन्हा जायला लागली. म्हणाली, घरात बसलं की तिच्याकडेच बघत बसते मी.

मी दुपारी चतकोर भाकर देते. रडली तर वर एखादा तुकडा, आणि रडते ती रोजच, तुकडाही काही लहान नसतो. दाबते नितकोर. संध्याकाळी मोबाईल मनिषाला म्हणतो, अजून नितकोर देता येईल. ती देते. एवढं पथ्य पाळून लेकरू सुधरत नाही याचं मला नवल वाटतं.

तुला म्हणे वेगळीच शंका आली आहे. तुझ्या अभ्यासात चार जिल्ह्यांतली सव्वीस लेकरं आहेत, आजार निरनिराळे पण सगळ्यांना खाण्याचं पथ्य. पुण्याकडच्या लेकरांचं ताट आणि रक्त जुळतं. आपल्या परभणीच्या सातांचं जुळत नाही. खातात कमी आणि रक्तात जास्त. तू म्हणालीस, आपल्याकडच्या ज्वारीतच काही जास्तीचं असंल, म्हणून मूठभर पाठव. मी मूठभर कशी पाठवू, शेरभर पाठवली, निवडून, पाखडून. माझी ज्वारी पुण्याच्या यंत्रात जाणार, खडा निघाला तर माहेरची इज्जत जाईल.

२९ मार्च

ज्वारी पास झाली. जशी असते तशीच आहे. खडा एकही नाही, असं मात्र त्यांनी लिहिलेलं नाही.

तू म्हणालीस, "मग आज्जी, आपल्या मुलांच्या शरीरातच काहीतरी वेगळं असणार. आजवर कुणी लिहिलं नाही असं." तुझा आवाज लहानपणी पहिला नंबर आल्यावर यायचा तसा होता. मे महिन्यात दिल्लीला मोठी सभा आहे, तिथं तू सातांचे आकडे मांडणार. यांनी तेवढं ऐकलं आणि छाती पुढे काढून गावात दोन फेऱ्या मारल्या. मीही दगडाबाईला सांगितलं, आमच्या साक्षीचं दिल्लीत नाव निघणार. ती म्हणाली, "कशापायी?" मी म्हणलं, कमी खाण्यापायी.

५ एप्रिल

परभणीला गेले होते. सातही घरांना बोलावलं होतं. मनिषाला सुट्टी मिळाली नाही म्हणून साक्षीला घेऊन आम्ही दोघं एसटीनं गेलो. तू पुण्यालाच होतीस, तुझ्या हाताखालची ती आहाराची राजेश्री आली होती. पोरगी गोड आहे, फक्त आम्हाला बहिरं समजून बोलते.

लेकरं सांभाळणाऱ्या सगळ्या माझ्याच वयाच्या. सोनपेठकडच्या दोघी, पालमच्या दोघी, एक जिंतूरची. एक सटवाजी म्हणून म्हातारा होता, बायको वारल्यावर नातवाचं तोच बघतो. जातीपातीच्या पाच-सहा तऱ्हा असतील, पण सगळ्यांच्या पिशवीत तीच भुकटी आणि अंगाला तोच वास.

राजेश्रीनं प्रत्येकीपुढं ताटली ठेवली, ताटलीत खरी अर्धी भाकर. "आजी, हे किती आहे ते चित्र दाबा." सगळ्यांनी अर्धी दाबली. तिला आनंद झाला. मग तिनं ताटल्या उचलल्या आणि म्हणाली, "आता समजा, ही भाकर तुमच्या बाळानं खाल्ली. दाबा."

सगळ्यांनी चतकोर दाबली. सटवाजीनं नितकोर.

राजेश्रीनं एकेकीचा मोबाईल हातात घेऊन बघितला, एक बंद करून चालू केला. "असं कसं? आजी, आत्ता तर अर्धी म्हणालात."

जिंतूरची म्हणाली, "तवा ताटात व्हती."

"मग?"

"आता लेकराच्या पोटात गेली की."

सोनपेठची पदराआड हसली. मी पण हसले. सटवाजीला मी विचारलं, तुमी दोन पायऱ्या कामून उतरलाव? म्हणाला, "एकुलता हाय बाई नातू. फिकीर नको का करायला." सगळे हसलो. किती तरी महिन्यांनी मी अशी हसले. सगळ्या आपल्याच निघाल्या, असं वाटलं.

राजेश्री हसली नाही. तिनं पाटीवर भाकर काढली, गोल. दिवसाची मुभा म्हणून आधीची अर्धी रंगवली. म्हणाली, आजी दुपारी अर्धी देतात आणि चतकोर दाबतात. मोबाईलला वाटतं चतकोर उरली. तो संध्याकाळी आईला सांगतो, चतकोर द्या. आई देते. आणि तिनं अर्धीच्या पुढची चतकोर लाल खडूनं भरली.

लाल रंग मला वाचता येतो.

बाकीच्या पाटीकडे बघत राहिल्या. साक्षी माझ्या मांडीवर होती, माझ्या हाताला चावत होती. मी हात काढला नाही.

६ एप्रिल

(सांगणारीने आज काही सांगितले नाही. सबब नोंद निरंक. जेवलीही नाही.)

८ एप्रिल

परवा यांनी माझ्या सांगण्याबिगर लिहिलं ते मी वाचून घेतलं. राहू द्या म्हणलं.

आज लिहा, आणि मी सांगते तसंच लिहा.

आमचा पहिला लेक दोन वर्षांचा होता. खाणारा होता. एक दिवस मोठ्या जावेनं सगळ्यांदेखत मोजलं, "बया, दीड भाकर खाल्ली पोरानं." आठव्या दिवशी तापानं गेला. हे तेव्हा नोकरीवर होते. ताप होता, गावात आणखी तीन लेकरं गेली त्या आठवड्यात, त्यांचं कुणी काही मोजलं नव्हतं. हे मला माहीत आहे. पन्नास वर्षं माहीत आहे. तरी त्यानंतर मी कुणाच्या लेकराचं खाल्लेलं खरं सांगितलेलं नाही. तुझ्या बापाचं नाही, तुझं नाही. तू पण खाणारी होतीस सुके, आज सांगते.

लिहिता लिहिता हे थांबले. मी म्हणलं, लिवा. हे म्हणाले, "शाई संपली." पेन बॉलचा आहे.

सकाळी मनिषाला आधी सांगितलं. तिचा हक्क पहिला. ती भांडी घासत होती. मी म्हणलं, बाई, तुझ्या पोरीला माझ्या बोटानं इख घातलं. ती एकच ताट घासत राहिली. मग म्हणाली, "आज्जी, संध्याकाळची मीच दिली ना. मला दिसत होतं ती चिडचिडी झाल्याली. मोबाईल म्हणला म्हणून दिली." मी म्हणलं, नात्यात लग्न लावलं, ज्यातून हा आजार आला, त्या दोन रेघा पण माझ्याच आहेत ना? ती म्हणाली, "हाव." सरळ म्हणाली. त्या नीट बोलण्यापेक्षा हे बरं वाटलं.

मग तुला फोन लावला. राजेश्रीनं तुला आधीच सांगितलेलं होतं. तू म्हणालीस, "मला माहीत आहे आज्जी."

"मग फोन कामून केला न्हाईस?"

"तू करतेस का बघत होते."

मला वाटलं तू रागावशील. राग चालला असता. तू म्हणालीस, "चूक माझी आहे. मी या घरात वाढले. लेकराला किती खाल्लं विचारायचं नाही हे मला माहीत होतं. आणि मी माझ्याच आवाजात तुला रोज दुपारी तेच विचारत होते."

"विसरलीस."

"विसरले."

"दिल्लीचं काय?"

"दिल्लीचं मागं घेतलं. काय सांगणार होते मी तिथं, की सात आज्या खोटं बोलतात?"

मी म्हणलं, सहा. सटवाजी आजा आहे.

तू हसलीस की रडलीस ते फोनवर कळलं नाही. मग तू विचारलंस, "आज्जी, आता खरं दाबशील?" मी हो म्हणणार होते. पण या वहीत खरं सांगायचं ठरलं आहे. मी म्हणलं, दाबीन, पण बोट खालच्या चित्राकडंच ओढ घेईल, आणि बाकीचे सहाजण दाबणार नाहीत. ते तोंडावर हो म्हणतील. मोठ्या डॉक्टरीणबाईला नाही कोण म्हणतं.

"मग मी विचारू तरी काय?"

मी म्हणलं, पीठ मोज. मोजून थाप, मोजून ताटात वाढ. पिठाला कुणाची नजर लागत नाही. आणि जेवण झाल्यावर विचार, ताटात काय उरलं. उरलेलं मोजायला आमची कधीच ना नव्हती. ते तर आम्ही रोज गल्लीभर सांगतो, पोरीनं आज पण टाकलं म्हणून.



१४ एप्रिल

जयंती. विहारात निळ्या झेंड्यांनी आभाळ झाकलं. तू आलीस, सोबत नवं अ‍ॅप. यांनी भाषण केलं, अंधश्रद्धेवर. माझ्याकडे न बघता केलं, एवढी माणुसकी ठेवली. खाली बसल्यावर मी हळूच विचारलं, मग अकरा जानेवारीला तुमी बघितलं व्हतं की मी चतकोर दाबताना, तवाच सुकेला कामून सांगितलं न्हाई? हे म्हणाले, "मीच लिहिलं होतं की वहीत." तहसिलीतला माणूस. लिहिलं म्हणजे कळवलं.

तू वही मागितलीस. तिथंच मांडवात बसून पहिल्यापासून वाचलीस. अकरा जानेवारीच्या पानावर थांबलीस. म्हणालीस, "आज्जी, सगळं इथंच होतं. मी आकडे बघत बसले आणि वही मागितलीच नाही." मी म्हणलं, मागायची तुला आठवण राहिली असती तर पहिली ओळ कशाला लिहिली असती.

२४ मे

आता मोबाईल एकला बोलतो, "आज्जी, ताटात काय उरलं?" मी मन मोकळं करून सांगते. आता रक्त दर पंधरवड्याला पाठवतो. आकडा नऊ झाला, मग सात. काल पाच पूर्णांक आठ. सहाच्या आत. पाच पूर्णांक आठ मी यांच्याकडून तीनदा वाचून घेतलं.

डोकं आपटणं थांबलं आहे. चावणं थांबलेलं नाही, ते बहुतेक स्वभावात आहे. तू म्हणालीस, जे तीन महिने गेले त्यातलं किती परत येईल ते आत्ताच सांगता येत नाही. मी तुला पुन्हा विचारलं नाही. काही गोष्टी मोजून सांगू नयेत, या बाबतीत तुझं आणि माझं आता जमतं. काल साक्षी माठापाशी गेली, माझा हात ओढला नाही, उभी राहिली आणि 'पाणी' म्हणाली. मनिषानं भांडं भरून दिलं. ते पिऊन तिनं 'भाकर' म्हणलं. हा शब्द तिला कुणी शिकवला नव्हता.

दिल्लीऐवजी तू आता दुसराच कागद लिहायला घेतला आहेस, लेकरांचं खाणं कसं विचारावं त्यावर. त्यात माझं नाव घालू का विचारलंस. सरजाबाई एवढंच घाल. यांना त्यात 'लेखनिक' म्हणून जागा पाहिजे आहे, हुद्द्यासकट. ते तुझं तू बघ.

एक गोष्ट मात्र यांच्या हातानं लिहून घेते, म्हणजे यांनाही ती वाचावी लागंल. मंगळवारी ताटात सफरचंदाची अर्धी फोड उरली होती. मी हात धुवून मोबाईल घेऊन येईपर्यंत ताट चाटूनपुसून साफ. लेकराचं उष्टं वाया घालू नये म्हणून यांनी खाल्लं. बुधवारी पण खाल्लं. मोबाईलाला वाटलं साक्षीनंच संपवलं. तेव्हा तू इथं सफरचंदं पाठवतेस ती लिंबाएवढी बघून पाठव, तिच्यानं एका बैठकीत पुरी संपतील अशी. आणि सोबत यांच्यासाठी शेरभर केळी वेगळी पाठव, ताट मांडायच्या आधीच चारून ठेवते.